कुंकवाची नळी, हळदीची नळी

मी रबरी नळ्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे, ही गोष्ट लग्न ठरवताना माझ्या आईनं सासुरवाडीला सांगितली नसती तर पुढचं काहीही घडलं नसतं.

कारखाना मद्रासजवळ, इरुंगाट्टुकोट्टैला. (सांगलीहून आलेल्या माणसाला हे नाव एका दमात म्हणायला वर्ष लागतं. मला जास्त लागलं.) मी तिथं क्वालिटी विभागात आहे. म्हणजे इतरांनी केलेल्या नळ्या उजेडात धरायच्या, भुवई वर करायची आणि बाजूला टाकायच्या. हे काम मला छान जमतं. पण ती नळी पुढे गाडीत कुठं बसते आणि कशी बसते, हे बघायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. आईनं मात्र ‘आमचा पोरगा गाड्यांचं बघतो’ असं ठोकून दिलं, आणि ते ऐकून माझे होणारे सासरे खुर्चीत एकदम पुढे सरकले. त्यानंतर त्यांनी माझा पगार विचारला नाही, पत्रिकासुद्धा मागितली नाही. आपलं लग्न जीपमुळे जमलं, असं माझी बायको मैथिली अजूनही म्हणते.

जीपमुळे म्हणजे आप्पांच्या जीपमुळे. आप्पा म्हणजे सासरे. घराणं मूळचं तंजावरचं, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. घरात मराठीच बोलतात, पण ती ऐकताना आपले पणजोबा तमिळची शिकवणी लावून आलेत असं वाटतं. मला ते ‘मापिळ्ळै’ म्हणतात, म्हणजे जावईबापू, आणि वयानं निम्म्या असलेल्या माझ्याशी ‘तुम्ही’ लावून बोलतात. या मानानंच माझा घात केला.

आप्पांनी जन्मभर सायकलवरून जाऊन कारकुनी केली. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, आप्पा निलगिरीला गेले आणि एका चहामळ्याच्या लिलावातून जुनीपुराणी डिझेल फोर-बाय-फोर घेऊन आले. आणली कुठं, तर मद्रासच्या मैलापुरात, घरी! जिथं समोरासमोर दोन रिक्षा आल्या तरी एकीला मागं जावं लागतं! सासूबाईंनी गाडीला कुंकू लावलं, नारळ ओवाळला, आणि मग आठवडाभर आप्पांशी बोलल्या नाहीत. पण एका वर्षी पावसात गल्लीत गुडघ्याच्या वर पाणी चढलं, तेव्हा हीच गाडी चारही चाकं फिरवत गल्लीतल्या म्हाताऱ्या, गॅसचे सिलिंडर आणि शेजारच्या बाईंची वीणा सुखरूप बाहेर काढून आली. त्या दिवसापासून आप्पांच्या लेखी ती गाडी राहिलीच नाही, घरातलं माणूस झाली.

माणूस म्हटलं की म्हातारपण आलंच. त्या गाडीत बरीच कामं हवेच्या ओढीवर चालतात. इंजिनावरचा एक छोटा पंप नळ्यांमधली हवा शोषून घेतो. त्या ओढीनं ब्रेक हलका लागतो, बटण दाबल्यावर पुढची चाकं जोडली जाऊन चारही चाकं ओढू लागतात, आणि चावी उलटी फिरवली की इंजिन बंद होतं. नळ्या टणक प्लास्टिकच्या, पण जिथं जिथं त्या वळतात किंवा एकमेकींना भेटतात तिथं रबराचे छोटे सांधे. मद्रासच्या उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात त्या सांध्यांना टाचेसारख्या भेगा पडल्या आणि ओढ गळायला लागली. ब्रेक दाबायला दोन्ही पाय लागू लागले. चार चाकांचं बटण नुसतं शोभेला उरलं. आणि चावी काढल्यावरही इंजिन, चपला घालून दारात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं, बराच वेळ निघायचं नाव घेईना.

सासूबाईंनी संधी साधली. त्यांना इमारतीखालची ती जागा मोकळी हवी होती. त्यांनी तांबरमकडचे मुरुगेसन म्हणून एक नारळबागवाले गृहस्थ गिऱ्हाईक म्हणून शोधून काढले आणि आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे नवरात्रातल्या नवमीला, गाडी बघायलाच बोलावून ठेवले. आप्पा जेवेनात. शेवटी मैथिलीनं मध्यस्थी केली आणि तह झाला. पूजेच्या दिवशी तीन गोष्टी सगळ्यांसमक्ष चालल्या पाहिजेत. ब्रेक लागला पाहिजे, चारही चाकं फिरली पाहिजेत आणि इंजिन मुकाट बंद झालं पाहिजे. झालं तर गाडी राहील, नाहीतर मुरुगेसन घेऊन जातील.

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

“मापिळ्ळै, रबराचें काम आहे,” ते म्हणाले. “तुमचेंच खातें.”

त्यांचे डोळे भरून आले होते. अशा वेळी ‘मी फक्त भुवई वर करतो’ असं कुठला जावई सांगेल? मी म्हटलं, “आप्पा, किरकोळ आहे. अर्ध्या दिवसात करतो.”

पुदुपेटच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन मी पिशवीभर रबरी सांधे आणले. तिथं दुकानदारासमोर प्रत्येक तुकडा उजेडात धरला, भुवई वर केली, निम्मे नापास केले. त्यानं मला फार मोठा मेकॅनिक समजून चहा पाजला. इथवर सगळं माझ्या हातातलं होतं.

नवमीच्या सकाळी बॉनेट उघडलं. आत काळ्या नळ्यांचं हे जाळं! एक इकडून तिकडं, दुसरी तिकडून इकडं, आणि मधल्या फळीपाशी दोन नळ्या अशा शेजारी शेजारी की जुळ्या बहिणी. आप्पांनी गाडीचं जुनं पुस्तक काढून सांगितलं की यातली एक इंजिन बंद करणारी आणि दुसरी पुढची चाकं जोडणारी. म्हणजे सांधे काढण्याआधी यांना खुणा करायला हव्यात, एवढी अक्कल मला होती. मी वर जाऊन सासूबाईंकडे पेन मागितलं.

“पेन नाहीं,” त्या म्हणाल्या. “सगळीं सरस्वतीपुढें गेलीं.”

आमच्याकडे सांगलीला खंडेनवमी म्हणजे हत्यारांना गंध-फूल वाहिलं की उचलली हत्यारं आणि लागले कामाला. इथं तसं नाही. वह्या, पुस्तकं, पेनं, अवजारं एकदा देवीपुढं ठेवली की दुसऱ्या दिवशीची पूजा होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. कोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांच्या शेजारी, घरातली एकूण एक लिहायची वस्तू जमा झाली होती. मैथिलीची आयब्रो पेन्सिलसुद्धा! (ती लिहायला वापरता येते, हा सासूबाईंचा युक्तिवाद.) पाने आणि पकड तेवढी माझ्यासाठी राखून ठेवली होती, तीही राहुकाळ लागायच्या आत देवीपुढं आली पाहिजेत या बोलीवर.

मग मला एक अत्यंत हुशार कल्पना सुचली. पूजेच्या ताटात हळद होती, कुंकू होतं. इंजिन बंद करणाऱ्या नळीला दोन्ही बाजूंनी कुंकवाचं बोट, चाकांच्या नळीला हळदीचं. संकटात डोकं असं चालायला हवं! मैथिलीला मुद्दाम बोलावून दाखवलं. ती म्हणाली, फोटो काढून ठेव. मी हसलो. फोटो कशाला, दोनच तर नळ्या आहेत.

दुपारपर्यंत जुने सांधे सगळे निघाले. काही हातात घेताच बिस्किटासारखे तुटत होते. ब्रेकचे नवे सांधे तर इतके झकास बसले की मी स्वतःशीच शीळ घालू लागलो. राहता राहिल्या त्या दोन जुळ्या. एवढ्यात वरून जेवायची हाक आली. सासूबाईंनी अंबट भाजी केली होती, आणि जावई पहिला घास घेईपर्यंत त्या घरात कोणी जेवत नाही. मी हात धुऊन वर गेलो. आप्पांचा उपास होता, ते गाडीपाशी थांबले. तिसऱ्यांदा भात वाढून घेताना माझ्या मनात कसलीही शंका नव्हती.

खाली आलो तर आप्पा बॉनेटसमोर हात जोडून उभे. चेहऱ्यावर असं समाधान, जणू देवाला न्हाऊ घातलंय. घातलंच होतं! ओल्या फडक्यानं त्यांनी अख्खं इंजिन पुसून लख्ख केलं होतं आणि मग आयुधपूजेचं गंध लावलं होतं. बॅटरीला गंध-कुंकू, रेडिएटरला गंध-कुंकू, पंख्याच्या पात्या-पात्याला गंध-कुंकू. आणि नळ्या? एकही नळी त्यांनी वगळली नव्हती. प्रत्येकीच्या प्रत्येक टोकाला चंदनाचा पिवळा ठिपका आणि त्यावर कुंकवाचा लाल.

“एकहि सोडलों नाहीं,” आप्पा म्हणाले. “तुम्ही दोघांनाच लावून ठेवले होतें. बाकीच्यांनीं काय पाप केलें?”

सत्तरी ओलांडलेला माणूस, उपाशीपोटी, वाकून वाकून इतक्या भक्तीनं ठिपके लावतो, त्याला ‘आप्पा, तुम्ही माझा सर्किट डायग्राम पुसलात’ असं सांगवेना. तेवढ्यात जिन्यावरून सासूबाईंचा आवाज आला की राहुकाळ लागत आलाय, पाने द्या. मी पुस्तकाकडे धावलो. तेही एव्हाना सरस्वतीपुढं गेलेलं! मैथिली कठड्यावरून वाकून माझ्याकडे बघत होती. तिनं फक्त मोबाइल वर करून फोटो काढल्याची खूण केली. लग्नात सात पावलं चालताना हे असं टोचण्याचं कलम नव्हतं.

मग मी इंजिनिअर असल्याचं नाटक केलं. डोळे बारीक केले. लांबची नळी लांबच्या कामाला, जवळची जवळच्या, असा एक सिद्धांत जागच्या जागी तयार केला. दोन्ही नळ्या दोन नव्या सांध्यांत दाबून बसवल्या. सासूबाईंनी माझ्या मुठीतला पाना काढून घेतला, धुतला, पुसला, गंध लावून देवीपुढं ठेवला.

मुरुगेसन वेळेआधीच आले. धिप्पाड माणूस, कमरेला पांढरी शुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगी, पण स्वभावानं मऊ. गाडीत बसण्याआधीसुद्धा त्यांनी टायरला हात लावून नमस्कार केला. सासूबाईंनी त्यांच्या हातात चण्याच्या सुंडलचा, म्हणजे उसळीचा द्रोण दिला आणि खुर्ची अशी मांडली की काही दिसायचं राहू नये. चारही चाकांखाली लिंबं ठेवली गेली. समोर कुंकू भरलेला कोहळा फुटला. गल्लीतली मंडळी जमली. आप्पा चालवायला बसले, मला त्यांनी मागच्या सीटवर बसवलं, चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच हाकेला सुरू झाली. लिंबं चिरडली. आप्पांनी ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. एका पायानं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंचा चेहरा पडला आणि मी काचेतून सगळ्यांना हात केला. तो हात करणं मला अजून आठवतं.

मुरुगेसनना चार चाकांची करामत बघायची होती. गल्लीच्या तोंडाशी बांधकामासाठी वाळूचा मोठा ढीग पडला होता, त्यावर चढवून दाखवा म्हणाले, आणि द्रोणासकट पुढच्या सीटवर येऊन बसले. आप्पा म्हणाले, सरी, म्हणजे बरं. ढिगापाशी जाऊन आप्पांनी देवाचं नाव घेत ‘मुरुगा’ म्हणून चार चाकांचं बटण दाबलं.

इंजिन बंद पडलं.

मला वाटलं, योगायोग. आप्पांनी पुन्हा सुरू केलं, निम्म्या ढिगावर नेलं, पुन्हा बटण दाबलं. पुन्हा बंद! गाडी तोंड वर करून वाळूत रुतली. सासूबाई गल्लीतून चालत आल्या आणि ढिगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मोकळ्या होणाऱ्या जागेत ठेवायच्या तुळशीच्या कुंड्यासुद्धा दिसत होत्या. आप्पांनी बटणाचा नाद सोडून तिसऱ्यांदा गाडी सुरू केली, गियर टाकला. मागची चाकं गरगर फिरून नुसती वाळू उडवू लागली. ती सगळी बघ्यांच्या अंगावर आणि सुंडलच्या द्रोणात. आप्पा माझ्याकडे वळले. त्या नजरेत राग असता तर चाललं असतं, पण तिथं फक्त विश्वास होता, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत वाळूत खचत होता.

“असूं दे, मापिळ्ळै,” ते हळूच म्हणाले. “पोदुम्. बस झालें.”

आणि हार पत्करल्यासारखं त्यांनी चावी उलटी फिरवून काढून घेतली.

खालून ‘खट्ट’ असा आवाज आला. इंजिन बंद पडलं नाही. गियर पडलेलाच होता, आप्पांचा पाय क्लचवरून दमून सुटला, आणि गाडी एखादी म्हैस चिखलातून उठावी तशी सावकाश उठली आणि चारही चाकांनी ढीग चढायला लागली!

त्या क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. नळ्यांची अदलाबदल! बटण दाबलं की इंजिन बंद, आणि चावी काढली की पुढची चाकं सुरू! शोध अतिशय मोलाचा होता, पण तो मराठीतून ओरडून सांगण्यात अर्थ नव्हता, कारण पुढं बसलेल्या मुरुगेसनना फक्त एवढंच दिसत होतं की गाडी वर चाललीय आणि चावी आप्पांच्या हातात आहे.

त्यांनी एकदा चावीकडे पाहिलं. एकदा चावीच्या रिकाम्या भोकाकडे. मग मगाशी फुटलेल्या कोहळ्याचं लाल पाणी आठवलं असावं.

“सार,” त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं, “सावी?”

आप्पांनी आदरानं चावी त्यांच्या हातात दिली.

मुरुगेसन कसे उतरले ते मी सांगू शकत नाही, कारण मला ते दिसलंच नाही. इकडे द्रोण सीटवर होता आणि तिकडे ते ढिगाच्या पायथ्याशी वाळूत बसलेले होते. गाडी त्यांच्याशिवाय आणि चावीशिवाय ढीग ओलांडून पलीकडे उतरली. (स्टिअरिंगचं कुलूप निकामी होऊन जमाना झाला होता, ही देवीची कृपा.) खाली सपाटीवर आप्पांनी क्लच-ब्रेक दाबून गाडी उभी केली, तरी इंजिन आपलं धडधडतंच आहे. मी ओरडलो की चावी हवी, चावी लावून बटण दाबायचं, तिच्याशिवाय बटणाला वीज नाही! चावी मुरुगेसनांच्या मुठीत. ते ती द्यायला गाडीजवळ येईनात आणि टाकूनही देईनात. शेवटी सासूबाईंनी ती त्यांच्या मुठीतून सोडवून आणली. मगाशी माझ्या मुठीतून पाना सोडवला होता तशीच. आप्पांनी चावी लावली, चार चाकांचं बटण दाबलं, आणि इंजिन मुकाट बंद झालं.

मुरुगेसन अतिशय नम्रपणे म्हणाले की गाडी उत्तम आहे, पण तिच्यात जे कोणी आहे त्यांचा मान मोठा आहे, आपल्या नारळबागेत त्यांचं नीट होणार नाही. सासूबाईंनी परोपरीनं समजावलं की आत कोणी नाही, जावयानं नळ्या उलट्या जोडल्यात. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कारखान्यातला इंजिनिअर आहे हे त्यांना आधीच सांगितलेलं होतं, त्यामुळे हे कारण त्यांना पटलं नाही. बाहेरची बाधा जास्त पटण्यासारखी होती. उरलेलं सुंडल न खाता ते पळाले.

घरी परतल्यावर सासूबाई म्हणाल्या, हा काही तह नव्हे. आप्पांनी बोटांवर मोजून दाखवलं. ब्रेक लागला. चारही चाकं फिरली. इंजिन बंद झालं. कुठल्या बटणानं, हे कोण बोललं होतं? तीस-पस्तीस वर्षं कचेरीत नियमांवर बोट ठेवून काढलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? त्या रात्री आप्पा दोन वेळचं जेवले आणि झोपायला जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, अवजारं मोकळी झाली. मी पाना घेऊन नळ्या सरळ करायला खाली निघालो, तर आप्पा माझ्याही आधी बॉनेटला टेकून उभे होते.

“हात लावायचे नक्को,” ते म्हणाले. “हें असेंच बरें.”

तेव्हापासून गाडी तशीच आहे. आप्पांना सवय झालीय. शिवाय चोराची धास्ती नाही. नवं रबर मात्र चोख निघालं, अजून भेग नाही. (नापास केलेलं आणलं असतं तर? असो.) घरात माझा मानही तसाच आहे, फक्त त्याची वाटणी झालीय. गेल्या महिन्यात सासूबाईंचा मिक्सर अडला म्हणून मी सहज ‘बघू’ म्हटलं, तर त्यांनी तो पदराखाली घेतला. पण हल्ली त्यांनी परत एक गिऱ्हाईक गाठलंय म्हणे, एन्नोरकडचं, भुताखेतांना न भिणारं आणि यंत्रातलं कळणारं. काल सकाळीच आप्पांचा फोन आला. आवाज अगदी दबका, बहुतेक गच्चीवरून बोलत होते.

“मापिळ्ळै, रविवारीं माणूस येतें. शनिवारीं येऊन थोडें रिपेर करून जा. मागच्यासारखें. नीट.”

मी साहेबांकडे रजा मागितली, पुदुपेटला जाऊन पिशवीभर सांधे आणले, आणि या खेपेला ब्रेकचं काय करता येईल याचा विचार करतोय. शेवटी कसब म्हणतात ते हेच, आणि ते सांगलीला आईनं आधीच ओळखलं होतं.